मागीलदारची खाडी

सिंगापूर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दुर्बीण पोचली हे कळलं. ८×४२ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, मुद्दाम घेतली. दहा पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तेवढाच वाढतो, मग वाऱ्यात पक्षी ठरत नाही. तुम्ही चष्म्यावरूनच बघणार, तेव्हा डोळ्यांकडचे रबरी कप फिरवून खाली बसवा, नाहीतर दृश्य कडेने कापलं जाईल. काचेवर खारं बसलं की कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाच्या कणांनी चरे पडतात. आधी फुंकर, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ सुती कापड. पावसाळ्यात कपाटात ठेवलीत तर भिंगाला बुरशी धरेल. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

पक्षी बघायला बसायचं ते पाणी बघून. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब त्यालाही चालतो. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पुरी ओहोटी. देवबागात कर्लीची खाडी आपल्या पूर्वेला, त्यामुळे तेव्हा ऊन पाठीमागून पडतं आणि पिसांचे रंग खरे दिसतात. सकाळी तोच पक्षी नुसती काळी आकृती. साडेतीनलाच बसा. चिखल नुकता उघडा पडतो तेव्हा त्यातले किडे वरच असतात, आणि तुतवार पक्षी पाण्याच्या कडेकडेने खाली सरकत टिपतात. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. तेव्हा चिखलात शोधू नका, वाळूच्या उंच पट्ट्यावर बघा. थंडीत कुरव पक्षी तिथे दाटीने बसलेले असतात. होडी त्यांच्याजवळ नेऊ देऊ नका, लांबून आलेल्या पाखरांना विसावा तेवढाच.

आडोशाला दोन बांबू आणि माडाच्या झावळीचा विणलेला एक झाप पुरे. खुर्चीत बसल्यावर डोळे येतील त्या उंचीला वीतभर फट ठेवा. झाप वरूनही बांधा, मोकळा राहिला तर वाऱ्याने फडफडतो आणि बगळे उठतात.

पाणमांजरांसाठी आधी काठ वाचा. ओल्या वाळूत पाच बोटांचे ठसे, बोटांमध्ये पडद्याची पुसट खूण, आणि जवळच माशांची खवलं भरलेली, उग्र वासाची विष्ठा. ती ठरल्या जागीच टाकतात, म्हणून ती जागा झाडू नका. पाण्यात नुसतं चपटं डोकं आणि मागे पसरत जाणारी लाट दिसते. बुडी मारली की तिथेच रोखून बसू नका, थोडं पुढेमागे बघा. याच जातीची पाणमांजरं सिंगापुरातून नाहीशी झाली होती. नद्या स्वच्छ झाल्यावर १९९८ मध्ये सुंगेई बुलोहच्या खारफुटीत परत दिसली आणि आता भर शहरात पिल्लं वाढवतात. कर्लीत ती अजून आहेत, ती टिकलीच पाहिजेत.

गादे, म्हणजे डॉल्फिन, बघायचे तर कर्ली समुद्राला मिळते त्या संगमाच्या टोकाला जा. आधी चोच वर येते, मग पाठीचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा पर. पर नसलेली गुळगुळीत काळसर पाठ वळून गेली, तर तो गादा नव्हे, डॉल्फिनसारखाच दिसणारा बिनपराचा पॉरपॉइज. वहीत तारीख, तिथी, वेळ आणि पाणी चढतंय की उतरतंय एवढं लिहाच.

तंगुसाचे, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचे, तुकडे दिसतील तिथून उचला, पाखरांचे पाय त्यात अडकतात. आईला सांगा, मासळीची आतडी-खवलं काठावर न टाकता माडाच्या आळ्यात खोल पुरायची. वासाला कुत्री जमतात, आणि कुत्री असली की पाणमांजरं त्या काठाला चढत नाहीत.

तुमची,
सुमा