अम्माच्या गोळ्या आणि डब्यावर न छापलेली कोळंबी

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

विषय: सांधेदुखीच्या सप्लिमेंटवर घटकाचं मूळ मराठीत छापण्याबाबत

महोदय,

माझी आई विडी कामगार. आमच्या तेलुगू घरात तिला अम्मा म्हणतात. उभं आयुष्य मांडीत सूप घेऊन विड्या वळल्या, आता गुडघे उठू देत नाहीत. सोलापुरात अशा बायका गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांवर धंदा करणारेही.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीतल्या एका बाईंनी गोळ्यांचा डबा आणून दिला. "औषध नाही हो, सप्लिमेंट आहे, कसला त्रास नाही." तिसऱ्या दिवशी दुपारी अम्माच्या हातांवर आणि पोटावर गांधी उठल्या. पित्त असेल म्हणून तिनं आमसूल चोळलं. संध्याकाळी ओठ सुजला तेव्हा रिक्षा करून दवाखाना गाठला. इंजेक्शननं उतरलं. डॉक्टरांनी विचारलं, "कोळंबी, खेकडा काही खाल्लं होतं का?" अम्मा म्हणाली, "कोळंबी कुठली? गोळी खाल्ली की."

पूर्वी एकदा भिवंडीला भाच्याच्या लग्नात कोळंबी खाऊन तिचा ओठ असाच सुजला होता. तेव्हापासून तिनं ती सोडली. गोळीतही तीच असू शकते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, मलाही ठाऊक नव्हतं.

डब्यावर ग्लुकोसामाईन आणि कॉन्ड्रॉइटिन अशी दोन नावं आहेत. ग्लुकोसामाईन बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचातल्या कायटिन नावाच्या कडक पदार्थापासून काढतात. ते मक्यावर बुरशी वाढवूनही बनवता येतं. कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या, कोंबडीच्या किंवा शार्कच्या कूर्चेतून येतं. आमच्या डब्यात यातलं कुठलं, ते लेबलवर नाही. तपकिरी त्रिकोण आहे, तोही किमतीच्या स्टिकरखाली अर्धा झाकलेला. शिवाय त्या त्रिकोणावरून माल मांसाहारी एवढंच कळतं. कोळंबी, कोंबडी की नुसतं कॅप्सूलचं जिलेटिन, ते कसं कळणार?

गोळीनंच झालं असं मी छातीठोक म्हणत नाही. ॲलर्जी प्रामुख्यानं मांसातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते, कवचाची नव्हे, आणि अशी ॲलर्जी असलेल्या लोकांवर झालेल्या छोट्या अभ्यासांत ग्लुकोसामाईननं त्रास झाला नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. पण अभ्यासातली गोळी तपासून दिलेली असते. आमच्या डब्यातल्या मालाची सफाई किती चोख झाली, याची खात्री कोण देणार? डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि डबा जपून ठेवायला सांगितलं.

आता तुमच्या खात्याचं. कवचधारी जलचरांपासून बनलेला घटक ॲलर्जीकारक म्हणून जाहीर करायचा, असं 2020 चे लेबलिंगचे नियम सांगतात. आमच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक आहे, म्हणजे हा माल त्याच नियमांखाली येतो. मग कवचापासून बनवला असेल तर ती ओळ कुठे आहे? आणि मक्यापासून बनवला असेल तर तसं छापायला काय हरकत होती? गिऱ्हाईक निर्धास्त झालं असतं.

लेबलची भाषा इंग्रजी किंवा हिंदी असली की पुरते, मराठीची सक्ती नाही. नियम दिल्लीत ठरतात, हे मला ठाऊक आहे. पण दुकानातला डबा उचलून बघणारे निरीक्षक तुमचे आहेत. नव्या पेठेतल्या दुकानांपासून घरोघर डबे पोचवणाऱ्यांपर्यंत एकदा तपासणी लावा. आणि "कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून" एवढे शब्द मराठीत छापायचा आग्रह राज्यानं दिल्लीकडे धरावा. शहरात शाकाहारी घरं पुष्कळ आहेत, त्यांनाही हे कळायला हवं. समुद्र इथून लांब. कोळंबी आमच्या ताटात क्वचितच येते, त्यामुळे आपल्याला तिची ॲलर्जी आहे हे अनेकांना ठाऊकच नसेल.

आणखी एक. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनबरोबर ग्लुकोसामाईन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अम्मा वॉरफेरिन घेत नाही, पण शेजारचे काका घेतात, आणि त्यांनाही हाच डबा सुचवला गेला होता. विकणाऱ्या बाईंनी दोघांनाही काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी विचारावं तरी काय? त्यांना तर फक्त डबे खपवायला शिकवलेलं.

डबा अजून कपाटात आहे. सत्तावीस गोळ्या उरल्यात, बॅच क्रमांक नीट वाचता येतो. तुमचा माणूस नमुना घ्यायला आला तर अम्मा चहा करेल, फक्त उठायला तिला जरा वेळ लागतो.

आपला,
विडी कामगाराचा मुलगा, सोलापूर