बाबा, ती घंटा किती वाजता वाजायची?

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आधी कबुली देते. गेल्या महिन्यात विशेष मुलांच्या शिक्षणावरच्या परिषदेसाठी हैदराबादला जाताना गाडी पहाटे सोलापूरला थांबली, तेव्हा मी जागी होते. खाली उतरून चहा घेतला आणि घरी फोन न करता परत डब्यात जाऊन बसले. बाबा, कळलं असतं तर तुम्ही स्वेटर चढवून स्टेशनवर आला असता, आणि फोनवर विचारलेलंच पुन्हा विचारलं असतं, "चार हजार घालवून भाषणं ऐकायला कशाला जायचं?" त्या पहाटे माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही.

(आई, पैशांचंही सांगून टाकते. चारातले दीड हजार तुझ्या भिशीचे होते. बाबांनी आत्ता चष्मा काढून तुझ्याकडे बघितलं असेल. बघू दे.)

बाबा, तुमची शिक्षकांची केंद्र संमेलनं मला आठवतात. सही, चहा, साहेबांचं भाषण आणि पाचची एसटी. हैदराबादलाही तसं काही नव्हतं असं नाही. दीपप्रज्वलन, शाली, श्रीफळं यात दीड तास गेला. दुपारी एका सरांनी पडद्यावर दिसत होतं तेच सगळं वाचून दाखवलं आणि माझ्या शेजारच्या बाई चक्क घोरायला लागल्या. त्यांना यावंच लागतं. विशेष शिक्षकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद या सरकारी संस्थेकडे असते, ती टिकवायची तर पाच वर्षांत 100 गुण जमवावे लागतात, आणि ते अशा संमेलनांमधून, कार्यशाळांमधून मिळतात. आम्हा विशेष शिक्षणाच्या विद्यार्थ्यांची अजून नोंदणीच नाही, त्यामुळे गुणांचा प्रश्न नाही. म्हणून आम्ही जागे.

मी पोस्टर नेलं होतं. सरावपाठाच्या विशेष शाळेत माझ्याकडे नऊ वर्षांचा एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे, त्याच्यासाठी चित्रांचं वेळापत्रक केलं होतं. दप्तर ठेवणे, प्रार्थना, मणी ओवणे, डबा, अशी आठ कार्डं, मागे वेल्क्रो लावलेली. कॉलेजात त्याला 20 पैकी 18 गुण पडले होते. पुण्यात फ्लेक्सवाल्याकडून 350 रुपयांत मोठं छापून घेतलं, नळीत गुंडाळून रात्रभर उशाशी ठेवलं. पण खरी गोष्ट अशी, की तो मुलगा तिसऱ्या कार्डाला उठून पळायचा. रोज. आणि मी पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, "मर्यादा : मुलाचे लक्ष टिकत नाही."

केरळच्या एका विशेष शाळेतल्या बाई पोस्टरसमोर येऊन थांबल्या. साधी सुती साडी, पर्स काखेत. सगळी कार्डं एकेक करून बघितली, मग मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "सब अच्छा है. 'खतम' कहाँ है?"

मला कळेचना. मग त्यांनी मणी ओवण्याच्या कार्डावर बोट ठेवलं. याला बसायचं आहे हे तू सांगितलंस, पण कुठवर बसायचं ते कुठे सांगितलंस? त्याच्या दृष्टीने हे काम जन्मभर चालणार आहे, मग तो पळणार नाही तर काय करेल? काम झालं की कार्ड काढून टाकायला एक खोका हवा, आणि मणी मोजून दहाच द्यायचे, डबाभर नाही.

लाज अशी वाटली, की हे माझ्या पुस्तकात आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात स्वमग्न मुलांसाठी टीच (TEACCH) नावाची पद्धत निघाली, तिच्यात हा 'संपलं'चा खोका असतोच. मी त्याखाली पेन्सिलने रेघसुद्धा मारली होती, पाच मार्कांची टीप म्हणून. वर्गात आमच्या मॅडम माझी पाठटिपणं तपासतात. रकाने बरोबर आहेत ना, उद्दिष्टं लिहिलीत ना, एवढं बघतात. बावीस वर्षं अशाच मुलांमागे धावलेल्या माणसाने माझं काम तपासण्याची ही पहिलीच वेळ.

आणि बाबा, त्या बोलत होत्या तेव्हा मला तुमचा घंटेवाला आठवला. मोहोळच्या शाळेतला, चौथीपर्यंत एक शब्द न बोललेला, वर्गातून सारखा पळणारा. तुम्ही तासांची घंटा वाजवायचं काम त्याच्याकडे दिलंत आणि तो बसायला लागला. घरी आम्ही म्हणायचो, बाबांनी त्याला मान दिला म्हणून तो सुधारला. मानाचं असेलही. पण तास कधी संपतो हे सगळ्या शाळेत फक्त त्यालाच आधी कळायचं, हे आम्ही कुणी कधी बघितलंच नाही. मी हे त्या बाईंना सांगितलं. त्यांनी पर्स उघडून वहीत लिहून घेतलं. तुमचं नावही विचारलं.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर कुणी डॉक्टर नव्हते, एक आई होती. मुलगा 26 वर्षांचा, बौद्धिक अक्षम. म्हणाली, शाळेने याला सात वर्षं रंग ओळखायला शिकवलं, दाढी करायला कुणीच शिकवलं नाही. सभागृहात चुळबुळ सुद्धा नव्हती. मग तिने 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याचं सांगितलं. मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान, त्यानंतर आईबापांनाही पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे रीतसर अर्ज करावा लागतो. हे कलम मला पाठ आहे. पण त्या अर्जाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन फिरणारी बाई मी पाहिली नव्हती. परत आल्या आल्या मी माझ्या मुलाच्या वार्षिक आराखड्यातून 'आकार ओळखणे' मागे ढकललं आणि शर्टाची बटणं पुढे आणली.

नोकरीचंही विचारता ना तुम्ही सारखं. जेवणाच्या रांगेत विदर्भातला एक फिरता विशेष शिक्षक भेटला. कंत्राटी, मोटारसायकलवर आठवड्याला सहा शाळा करतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलंय, प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा आणि पुढच्या वर्गांना 15 मागे एक. तो हसून म्हणाला, "माझ्याकडे किती आहेत ते विचारू नका." नोकरी कशी असते ते मला त्याच्याकडून कळलं, कॉलेजच्या माहितीपत्रकातून नाही. तरी मला हीच करायची आहे. त्याचा नंबर घेऊन ठेवलाय.

आई, तू दिलेली शेंगाचटणी पहिल्याच रात्री संपली. ओडिशाच्या दोन मुली माझ्या खोलीत होत्या, त्यांनी भातावर घेऊन खाल्ली.

आता मुलाचं. बुटाच्या खोक्याला लाल कागद लावला, वर फट पाडली. पहिले तीन दिवस त्याने खोकाच फेकला. चौथ्या दिवशी दहावा मणी ओवून झाल्यावर कार्ड उपटलं, फटीत घातलं आणि खोका कानाशी धरून हलवून बघितला. पाचव्या दिवशी पुन्हा पळाला, तेव्हा फार काही सांगत नाही.

दिवाळीला येते, या वेळी सोलापूरला उतरून थेट घरी. बाबा, तोवर एक काम करा. ती घंटा दिवसातून किती वेळा, कुठल्या कुठल्या वेळेला वाजायची, आणि मधल्या सुट्टीआधी तो कधी चुकायचा का, ते आठवेल तसं कागदावर लिहून ठेवा. पुढच्या पोस्टरसाठी हवंय.

तुमची,
छकुली