माई, तो ब्लॉक मजुरीत वळता करू नकोस

जळगाव,
आखाजीनंतरचा सोमवार

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

तू शनिवारी पहाटेच गेलीस. निंबाचा झोका अजून सोडला नाही, तुझ्या आईनं सोडू दिला नाही. तिचं सकाळपासून एकच चाललंय, "पोर उपाशी गयी. तुमना इंजिनमा एवढं काय शे?" मी काही बोललो नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो. इंजिनाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. तुझी तब्येत, घराचं भाडं, जिजीचा डोळा, एवढंच लिहीन म्हटलं. जिजीचा डोळा बरा आहे. पट्टी निघाली.

आता विचारतो. आपल्या जुन्या एमजीए गाडीच्या इंजिनाचा तो ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मूळ लोखंडी सांगाडा, आज कुठं आहे?

तू म्हणालीस, भोसरीच्या गॅरेजवाल्यानं इंजिन उतरवून ठेवलंय आणि ब्लॉक त्याला दिला तर तो मजुरीत वळता करील. तू हे आमरस वाढून घेता घेता सांगितलंस, जशी जुनी बॅटरी देतात तसं. तिथंच माझं डोकं फिरलं. आवाज चढला तो चूकच. पाहुण्यांसमोर तर नकोच होता. पण माई, ती बॅटरी नाही.

तुझी अडचण मला कळते. मार्चमध्ये चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापली, रात्री अकरा वाजता तू एकटी रस्त्यावर उभी होतीस. त्या रात्री मी झोपलो नाही. नवं जपानी 1800 सीसीचं इंजिन बसवलं की तापणार नाही, सकाळी एका चावीत सुरू होईल, ताकद दुपटीच्या घरात जाईल, हे सगळं खरं. तू टेस्ट बेडवर रोज इंजिनं पळवतेस, तुला मी काय सांगणार? पण गाडी चांगली पळणं आणि गाडीची किंमत राहणं ह्या दोन गोष्टी आहेत, आणि जुन्या स्पोर्ट्स गाडीत त्या पुष्कळदा उलट दिशेला जातात.

आपली एमजीए 1500, इंग्लंडची दोन सीटची स्पोर्ट्स गाडी. 1489 सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, बहात्तर घोडे. ॲम्बेसेडरचं 1489 चं इंजिनही ह्याच घराण्यातलं, बीएमसी ह्या ब्रिटिश मोटार कंपनीचं बी सिरीज. म्हणून तर आबांनी ती बिलापोटी घेतली. म्हणाले, हिचं पोट मला ओळखीचं आहे. तुला आठवतं का, मी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन ब्लॉकवरचा मळ काढत होतो? वीस मिनिटांनी बोटाएवढी पट्टी दिसली, रिव्हेट मारलेली. तू टॉर्च धरून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलंस. पुढं तूच इंग्लंडला गेडनच्या मोटार संग्रहालयाच्या ट्रस्टकडून कारखान्याच्या नोंदीचा दाखला मागवलास. त्यावर इंजिनाचा तोच नंबर निघाला. त्या दिवशी तू मला फोनवर ओरडून सांगितलंस, "आप्पा, जुळला!" तुझा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्या जुळण्यालाच पैसे आहेत. घेणारा बोनेट उघडतो, पट्टी वाचतो, दाखला वाचतो, आरसी बुक वाचतो. तिन्हीवर एकच नंबर असला की त्याचा हात खिशाकडं जातो. एक जरी सुटला तर ती नुसती लाल रंगाची छान गाडी.

हे मी ऐकीव सांगत नाही. 1983 साली माझ्याकडं एक एमजी टीडी (त्याच कंपनीचं आधीचं मॉडेल) आली होती, एका डॉक्टरांची. तिचं 1250 सीसीचं इंजिन धूर मारायचं, पार्ट कुठंच मिळेनात. मी सव्वीस वर्षांचा, अंगात रग. ॲम्बेसेडरचं इंजिन बसवून दिलं. माउंटिंग कापली, नवी वेल्ड केली, पंधरा दिवसांत गाडी पळाली. डॉक्टरांनी पेढे वाटले. जुना ब्लॉक दुकानामागं पावसात पडला होता, तो मी मालेगावच्या भंगारवाल्याला किलोवर घातला. पुढं डॉक्टर गेल्यावर त्यांच्या मुलानं गाडी विकायला काढली. मुंबईचा माणूस आला. बोनेट उघडलं, दोन मिनिटं पाहिलं, हळूच बंद केलं. जो आकडा फोनवर बोलला होता त्याच्या निम्म्यावर आला. मी तिथंच उभा होतो. त्या मुलानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

तू म्हणालीस, आजकाल जुन्या गाडीत नवं इंजिन घालून लोक कोट्यवधी कमावतात. कमावतात. पण तिथं नामांकित कारागिराच्या नावाला आणि हजारो तासांच्या कामाला पैसे मिळतात. आपण एका गाडीत एक इंजिन बसवलं तर घातलेला खर्च निघत नाही, उलट मूळची किंमत उतरते. ज्या गाडीचं मूळ इंजिन आधीच गेलंय तिच्यात खुशाल घाल, मी स्वतः पाने घेऊन येईन. आपलं गेलेलं नाही. निदान शनिवारपर्यंत तरी नव्हतं.

आणि एक बघ. एमजीनंच 1958 ते 60 मध्ये एमजीएची ट्विन कॅम (दोन कॅमशाफ्टच्या इंजिनाची) काढली, 2,111 गाड्या. ताकद भरपूर, पण पिस्टन जळायचे. वैतागून कितीतरी मालकांनी ते इंजिन काढून साधं पुशरॉडचं बसवलं. आज त्याच मॉडेलमध्ये ज्या गाडीत मूळ ट्विन कॅम शाबूत आहे तिला मान. तेव्हा ज्यांनी काढून टाकलं ते काही मूर्ख नव्हते, त्यांनाही रोज ऑफिसला जायचं होतं.

सरकारी बाजूही आहे. 2021 च्या जुलैतला नियम तू वाचलाच असशील: पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तरच व्हिंटेज. इंजिनात किंवा चेसीत मोठी काटछाट केली की तो दर्जा मागता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा वेगळं इंजिन परवानगीशिवाय घालता येत नाही. उद्या काही झालं आणि विमावाल्यानं हात वर केले तर? काही होऊ नये. पण ब्रेक तेच जुने ड्रम, चारही चाकांना. साध्या इंजिनाच्या एमजीएत पुढं डिस्क आले ते 1959 च्या 1600 मॉडेलला. बहात्तर घोड्यांचे ब्रेक दीडशे घोड्यांना कसे पुरतील? कन्नडचा घाट उतरताना ब्रेकचे लायनर तापल्याचा वास आला होता, तू मागच्या फळीवर बसली होतीस आणि मी तुला गाणं म्हणायला लावलं, तुला कळू नये म्हणून. गाडी थांबेपर्यंत माझे पाय थरथरत होते.

हे लेक्चर झालं. माफ कर. तू इंजिनिअर, मी दहावी. तुला आकडे माझ्याहून जास्त कळतात.

तरी करायचंच असेल तर जे परत उलटं फिरवता येतं ते कर. रेडिएटरला नवा जाड कोअर, पुढं इलेक्ट्रिक पंखा, निम्मं तापणं तिथंच संपेल. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसतं, बाहेरून दिसतही नाही. हेडला कडक व्हॉल्व्ह सीट घाल, आताच्या पेट्रोलला ती हवीच, आणि त्यानं किंमत पडत नाही. 1600 चे डिस्क पुढं बसव. ताकदच हवी तर एमजीबीचं (एमजीएच्या पुढच्या मॉडेलचं) 1798 सीसी शोध, त्याच घराण्यातलं आहे. फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा ह्यांच्यामधला पत्रा, मात्र कापू नको. पत्रा कापला की तो परत उगवत नाही. काढलेला एकेक नट डबीत, डबीवर चिठ्ठी. आणि मूळचा ब्लॉक आपल्या घरात. मूळ इंजिन सोबत दिलं तर दुसऱ्या इंजिनाची गाडीही घेणारा सोडत नाही, थोडं कमी देतो इतकंच.

बघ, परत तिथंच आलो.

मला खरं तर वेगळंच लिहायचं होतं. तू नऊ वर्षांची असशील. दोन कार्बोरेटर सारखे करायचे म्हणून मी रबरी पाईपचं एक टोक कानाला आणि एक टोक ह्या तोंडाशी, त्या तोंडाशी लावत होतो. तास झाला, मेळ बसेना. तू पाईप ओढून घेतलास आणि म्हणालीस, "आप्पा, पुढचा जास्त फुसफुसतो." मी स्क्रू पाव आटा फिरवला. इंजिन असं शांत झालं की शेजारचा गॅरेजवाला बघायला आला. त्याला मी सांगितलं, हे माझ्या पोरीनं लावलं. दिवसभर येईल त्याला सांगत होतो. तू तेव्हा बोअरपाण्याच्या टाकीवर बसून कैरी खात होतीस, तुला पत्ताही नव्हता.

म्हणून तुझ्या कानावर माझा विश्वास आहे. त्या गॅरेजवाल्यावर नाही. तो वाईट माणूस असेल असं नाही, त्याला ती पट्टी कुणी वाचून दाखवली नाही एवढंच.

आईनं सांजोऱ्या आणि कळण्याचं पीठ बांधलंय, उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येईल, वाकडला उतरवून घे. त्याच पिशवीत तळाला जाड कापड आणि इंजिन ऑइलचा डबा ठेवलाय. ब्लॉक उघड्या फरशीवर असेल तर आधी लाकडी पाटावर घे. चारही बोअरमध्ये (पिस्टनच्या भोकांत) थोडं थोडं ऑइल सोड, कापड झाकून घट्ट बांध. पावसाळा महिन्यावर आलाय, पुण्याची दमट हवा लोखंडाला सोडत नाही. क्रँक आत असेल तर महिन्यातून एकदा हातानं फिरव. जागा नसेल तर सांग, मी छोटा हत्ती घेऊन येतो आणि इकडं घेऊन जातो. भाडं माझं.

जा आणि आधी फोटो पाठव. पट्टीवरचा नंबर वाचता येईल असा काढ.

तुझे,
आप्पा

ता. क. आई विचारतेय, सांजोऱ्या पोचल्या की फोन करशील ना.