राजा हे मुलाचे नाव आहे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला संग्रहालयांवरचा लेख वाचला. आजच्या मुलांना काचेमागच्या वस्तूंत रस नसतो, त्यांना मोठे पडदे हवेत, हा शोध लेखकाने कुठल्या मुलाला विचारून लावला ते कळले तर बरे होईल. त्यात पुण्याच्या 'राजा दिनकर केळकर संग्रहालया'चा उल्लेख 'एका राजेसाहेबांचा संग्रह' असा! दिनकर गंगाधर केळकर राजे नव्हते हो. चष्म्याचे दुकान होते त्यांचे, 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. त्याच्या नावाने गावोगावहून २० हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या आणि सरकारला देऊन टाकल्या.

१९८६ मध्ये, मी तिसरीत असताना, बाबांनी मला तिथे नेले. आठवते ती पितळी वज्री. पाय घासायच्या वस्तूवर एवढे नक्षीकाम कशाला, असे मी विचारले. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आईची अशीच होती. मोडीत घातली." "किती आले?" मी विचारले. त्यावर ते इतके हसले की पहारेकरी आमच्याकडे बघायला लागला.

यंदा जानेवारीत माझ्या मुलाला नेले. थेट वज्र्यांपुढे उभा करून ही सगळी गोष्ट रंगवून सांगितली. तो "हं" म्हणाला आणि निघून गेला. (लेखकमहाशयांनी टिपून घ्यावे, इथवर त्यांचेच बरोबर.) पण अडकित्त्यांपुढे मात्र तो हलेना. सुपारी कातरायला एवढे थाट? कुठे मोर, कुठे जोडपे! "हा मिटला की ही दोघं एकमेकांना आपटतात का?" मी विचारात पडले, तेवढ्यात एका शाळेची सहल आत शिरली. बाई दारातूनच ओरडल्या, "बघून झालं ना? चला, पुढे सरका, मस्तानी महालात फोटो काढायचाय." चाळीसेक मुले, त्या कपाटापुढे मिनिटभरसुद्धा नाही. एक मुलगी मागे वळून वळून बघत होती, तिला दंडाला धरून नेली. त्या रेट्यात माझा मुलगाही जिन्यापर्यंत ढकलला गेला. शाळेचे नाव लिहीत नाही. गणवेश सांगितला तर अर्धे पुणे ओळखेल. त्या बाईंपुढे पडदे लावून काय होणार होते? त्यांनी पडद्यापुढूनही मुले हाकललीच असती.

घरी आल्यावर चिरंजीवांनी माझ्या आईच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला. आतापर्यंत सुपारी, खडू आणि माझी एक पेन्सिल कातरून झाली आहे. त्याच्यावर मोर नाही, एवढीच तक्रार आहे.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, चिंचवड

ता. क. : गेल्या रविवारच्या शब्दकोड्यात आडव्या १२ ला तीन चौकोन आणि उत्तर 'अडगळ'. चार अक्षरे तीन चौकोनांत कशी बसवायची तेही छापावे.