परळ सोडण्याआधी

बदलापूर (पूर्व)
१६ फेब्रुवारी

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन बेडरूमचा फ्लॅट, मागे डोंगर, रात्री गाड्यांचा आवाज नाही, मार्चमध्ये टोकन द्यायचं आणि जूनमध्ये सामान हलवायचं, असं जवळजवळ ठरवूनच लिहिलं आहेस. शेवटी मला विचारलंस, म्हणून मनात आहे ते स्पष्ट सांगतो. बदलापूरला ये. पण घर विकत घेऊन येऊ नकोस. जून ते मे असे पूर्ण बारा महिने भाड्यानं राहा, आणि तोवर परळची खोली हातची जाऊ देऊ नकोस. यातलं दुसरं पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येतो.

आधी गाडीचं बघू. सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर. फास्ट लोकल कल्याणपर्यंतच फास्ट असते. पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ असं प्रत्येक स्टेशन घेत येते, म्हणून दीड तास धर. दलाल सांगतो तो एवढाच दीड तास. त्यात शेअर रिक्षाची रांग आणि रिक्षा मिळून १५ मिनिटं घाल, गाडीआधी फलाटावर १० मिनिटं, उतरल्यावर फोर्टातल्या ऑफिसापर्यंत १५ मिनिटं. एका बाजूचे दोन तास दहा मिनिटं झाले, दोन्हीकडचे चार तास वीस. महिन्याचे २२ दिवस कामाचे धरले तर ९५ तास. हा आकडा वहिनींसमोर कागदावर लिहून ठेव, कारण तुझ्या गैरहजेरीत घर त्यांनाच बघायचं आहे.

तुझं ऑफिस फोर्टात आहे ही मोठी जमेची बाजू. संध्याकाळी गाडी सुटते तिथूनच चढशील, पंधरा मिनिटं आधी पोचलास तर बसायला मिळेल. दादरला चढणाऱ्याला ते सुख नाही. सकाळी बदलापूरहून सुटणारी लोकल पकडायची. कर्जत, खोपोलीकडून येणाऱ्या गाड्या इथे येईतो भरलेल्या असतात. बदलापूर लोकलसुद्धा रिकामी मिळेल असं समजू नकोस. अंबरनाथचे लोक उलटे इकडे येऊन त्याच डब्यात बसून राहतात, सीट आधीच गेलेली असते. त्यामुळे ठरलेल्या गाडीच्या एक गाडी आधी निघायची तयारी हवी.

गाड्या का रखडतात तेही समजून घे. कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेनं दोनच रूळ आहेत. लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या, सगळं त्याच दोन रुळांवरून जातं. एक गाडी अडकली की मागचं सगळं अडकतं. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका होईल तेव्हा फरक पडेल. मेट्रो १४ कांजूरमार्गहून बदलापूरपर्यंत आखलेली आहे आणि प्रत्येक बिल्डरच्या माहितीपत्रकात ती छापलेली असते. तू मात्र आज जे धावतं आहे तेवढंच धर. कागदावरच्या मेट्रोसाठी चौरस फुटामागे एक रुपयाही जास्त देऊ नकोस. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या वेळेवर एसी लोकल चालवल्या तेव्हा कळव्याला आणि बदलापूरला प्रवासी रुळांवर उतरले होते, आणि त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. वेळापत्रकातली एक साधी गाडी गेली की पुढच्या गाडीत पाय ठेवता येत नाही, इतका हा हिशेब काठावरचा आहे.

आता नदी. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ करत इथे येते, आणि रुळांच्या पश्चिमेला तिचं पात्र आहे. म्हणून पुराचा पहिला फटका पश्चिमेला बसतो: हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, हे तुला आठवत असेल. ते पाणी याच नदीचं. वर कर्जत-माथेरानकडे रात्रभर कोसळला की इथे पाऊस थांबलेला असतानाही पाणी चढत राहतं. आभाळ उघडलं म्हणून निर्धास्त होता येत नाही.

तुझा फ्लॅट पश्चिमेला आहे असं लिहिलंस, म्हणून हे नीट वाच. नगरपालिकेत जाऊन विकास आराखड्यावर इमारतीचा सर्व्हे नंबर शोध आणि पूररेषा विचार. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत असेल तर पुढे बोलणंच नको. दोन रेषांच्या मध्ये असेल तर तळमजला आणि पहिला मजला सोड, आणि गाडी कुठे लावायची तेही विचार. कागद बघून झाले की जागा बघ. कंपाउंडचं फाटक खालच्या एक-दोन फुटांतच गंजलंय का, जिन्याच्या भिंतीला एका पातळीत नवा रंग दिलाय का, विजेचे मीटर तळमजल्यावरून वर हलवलेत का, लिफ्टच्या खड्ड्यात पंप बसवलाय का. समोरच्या किराणा दुकानदाराला विचार की २०१९ ला आणि २०२१ ला माल कितव्या फळीवर चढवला होता. त्याचं उत्तर कुठल्याही ब्रोशरपेक्षा खरं असेल.

पाण्याचा पेच पुराइतकाच मोठा आहे. गावाला पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा. उल्हासच्या बॅरेजवरून पाणी उचललं जातं, आणि पूर चढला की तिथलं पंपिंग बंद करावं लागतं. मग बाहेर सगळीकडे पाणी आणि नळ कोरडा. उन्हाळ्यातली अडचण वेगळी, तेव्हा दाब कमी पडतो आणि टाकीच भरत नाही. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धर. तुम्ही चौघं म्हणजे ५४० लिटर. २८ फ्लॅटची इमारत असेल तर १५,००० लिटरच्या वर, म्हणजे १०,००० लिटरचे दीड टँकर रोज. जमिनीखालची टाकी निदान दीड दिवसाच्या गरजेची हवी. सेक्रेटरीकडे मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांची टँकरची बिलं माग. तो दाखवायला कां कू करायला लागला तर ते बिल मेंटेनन्समध्ये येणार हे समजून घे. बोअर असेल तर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा दीड-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर सोबत आण. ५०० पर्यंत आकडा पिण्याला ठीक. त्यापुढे गिझरला आणि नळांना क्षार चढतात, आणि फिल्टर बसवला तर त्याचंही पाणी वाया जातं.

वीज महावितरणची. परळला बेस्टची सवय आहे, इथे वळवाच्या वाऱ्यात फांदी पडली की दोन-तीन तास जातात. तीन पंखे, चार एलईडी दिवे आणि वायफाय मिळून साधारण २७० वॉट होतात. १५० एएचची एक बॅटरी त्यावर चार तास चालते, तेवढी पुरे. मात्र लिफ्ट आणि पाण्याचा पंप जनरेटरवर आहेत का ते विचार. काकूंना पाचव्या मजल्यावर न्यायचं आहे, हे विसरू नकोस. सगळ्यात वरचा मजला आणि पश्चिमेकडची बेडरूम नकोच. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर जातो, समुद्राचा वारा पोचत नाही, आणि तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाही.

शांततेबद्दल तू फार प्रेमानं लिहिलंस. ती खरी आहे. पण रविवारी दुपारी बारा वाजता घर बघून ती कळत नाही. खरवईच्या बाजूला औद्योगिक वसाहत आहे. रासायनिक वास रात्री अकरानंतर आणि हिवाळ्यातल्या पहाटे जास्त येतो, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि खालची थंड हवा वास वर जाऊ देत नाही. जागा बघायची ती रात्री अकराला आणि पहाटे साडेपाचला, खिडक्या उघड्या ठेवून.

काकूंचा विचार सगळ्यात जास्त करावासा वाटतो. आज केईएम रुग्णालय त्यांच्या दारात आहे. इथे खाजगी दवाखाने आहेत, ताप, मलमपट्टी, साधी शस्त्रक्रिया होते. सरकारी मोठं म्हणायचं तर उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय. त्यापुढचं काही असेल तर कल्याण, ठाणे, नाहीतर परत मुंबईच. लकव्याचा झटका आला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन झालेलं हवं. तेव्हा फ्लॅट पक्का करण्याआधी तीन गोष्टी स्वतः जाऊन विचार: रात्री दोन वाजता सीटी कुठे होतो, अँजिओप्लास्टी सर्वांत जवळ कुठे होते, आणि काकूंच्या विम्यात त्या रुग्णालयाचं नाव आहे का. तिन्हींची उत्तरं एका कागदावर लिहून फ्रिजवर लाव.

सई आठवीत आहे. बदल करायचा तर याच जूनमध्ये, नववीच्या सुरुवातीला. पुढच्या वर्षी दहावीच्या तोंडावर शाळा बदलू नकोस. या जूनला जमलं नाही तर दहावी होईपर्यंत थांब.

आता परळची खोली. ती पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेली कमी भाड्याची आहे, इमारत उपकरप्राप्त, म्हणजे म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी आहे, आणि पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत असं तूच लिहिलंस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ मध्ये एक तरतूद आहे: वाजवी कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर मालक खाली करून मागू शकतो. दुसऱ्या कुणाला परस्पर भाड्यानं दिली तर तेही खाली करण्याचं कारण ठरतं. म्हणजे कुलूप लावून इकडे आलास तरी धोका, आणि कुणा ओळखीच्या मुलाला पैसे घेऊन ठेवलंस तरी धोका. पुनर्विकासात तुम्हाला निदान ३०० चौरस फुटांचं घर मिळायचं आहे, तेही परळमध्ये. ते एका निष्काळजी वर्षानं घालवू नकोस, दिनू. माझ्या मते आठवड्यातल्या दोन रात्री तू तिथेच झोप. पावसाळ्यात त्याचा उपयोगही होईल, गाड्या बंद पडल्या की हक्काचं छप्पर. काकू त्यांच्या तपासण्यांच्या वेळी आठ-पंधरा दिवस तिथे राहतील. विजेचं बिल चालू राहू दे, गॅसचं कनेक्शन हलवू नकोस, भाड्याची पावती दर महिन्याला घे, रेशन कार्ड आणि मतदार यादीतला पत्ता या वर्षी बदलू नकोस. आणि भाडे नियंत्रणाचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखव.

पैशांचं थोडक्यात. तू म्हणतोस ते ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २६,००० येतो. तुला सांगितलेलं भाडं १२,०००, वर्षाचं १,४४,०००. हे पैसे वाया जातात असं तुला वाटतंय. पण ४० लाखांचं घर घेऊन वर्षानं विकावं लागलं तर? मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तरी २,४०,०००, नोंदणीचे ३०,०००, घेताना दलाली, विकताना पुन्हा दलाली, असे साडेतीन लाख जातात, आणि त्यात व्याज धरलेलंच नाही. भाड्याचा करार लोक सवयीनं अकरा महिन्यांचा करतात. तू सरळ बारा महिन्यांचा नोंदवून घे, मे महिना त्यात यायला हवा. मुद्रांक आणि नोंदणी मिळून खर्च दीड हजाराच्या आत बसतो. एक महिन्याच्या नोटिशीचं कलम घाल, आणि पाण्याच्या टँकरचे पैसे कोण देणार ते लिहून घे. तोंडी ठेवू नकोस.

वर्षानंतर घ्यायचं ठरलं तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा नगरपालिकेचा दाखला) नसलेल्या इमारतीत जाऊ नकोस, किंमत कितीही कमी असो. ते नसेल तर अधिकृत नळजोडणीपासून सोसायटीच्या अभिहस्तांतरणापर्यंत, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होण्यापर्यंत, सगळं अडतं. महारेरा या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून कार्पेट क्षेत्र आणि ताब्याची तारीख बघ. जुना फ्लॅट घेतलास तर सोसायटीला हस्तांतर शुल्क २५,००० च्या वर घेता येत नाही, देणगी म्हणून मागितले तरी देऊ नकोस. घर वहिनींच्या एकट्यांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

टोकन देऊ नकोस, निदान पुढच्या शनिवारपर्यंत. शनिवारी संध्याकाळी ऑफिसमधून थेट इकडे ये, वहिनींनाही घेऊन ये. रात्री जागा बघू, पहाटे पुन्हा बघू. रविवारी परतायचं तर मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून ठेव. आणि त्या फ्लॅटचा सर्व्हे नंबर मला लगेच कळव, सोमवारी नगरपालिकेत पूररेषेचं विचारून ठेवतो.

काकूंना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
विजू