वंशावळ शोधताना नावापेक्षा खसरा धरा

महोदय,

शेतकरी घराण्याची वंशावळ लावायची तर आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) क्रमांक आधी उतरवून घ्यावेत. वारसाच्या फेरफारात मृताचे नाव, वारस आणि नाते मिळते. एकेक फेरफार मागे नेत 1954-55 च्या अधिकार अभिलेखापर्यंत (जमिनीवरील हक्कांच्या नोंदीपर्यंत) जाता येते. त्याआधीचे बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवतानाच्या, मिसलीत (कागदपत्रांत) आणि कोतवाल पंजीत (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) शोधावे, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. जुन्या नोंदीत बहुधा आडनाव नसते, नुसते ‘गणपत वल्द सखाराम’, म्हणजे सखारामचा मुलगा गणपत. अशा नावाचे दोघे-तिघे एकाच गावात निघू शकतात. म्हणून नावावर भिस्त न ठेवता खसरा क्रमांक, म्हणजे शेताच्या तुकड्याचा क्रमांक, धरावा. बंदोबस्तात तो बदलला असेल तर जुना-नवा जुळवून घ्यावा. वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपुरातून वेगळा झाला, तेव्हा तिकडच्या गावांचे त्याआधीचे कागद नागपूरच्या नावाने शोधावेत. मुलींची नावे क्वचितच सापडतात, त्यामुळे विधवेची ‘बेवा’ अशी नोंद फार मोलाची. नक्कल मागताना पूर्ण पान मागा. शेजारच्या खात्यात भाऊबंद भेटतात.

कोतवाल पंजीची पाने हात लावताच तुटतात. प्रशासनाने त्यांचे स्कॅनिंग सर्वांत आधी करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर