अणुऊर्जा हवीच, पण हट्ट फ्रेंच भट्ट्यांचा नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अणुऊर्जेवरून आपल्या पत्रसदरात सध्या चांगलीच जुंपली आहे. एकीकडे जपानमधल्या 2011च्या अणुअपघाताची आठवण देणारे ‘फुकुशिमा विसरलात का?’, दुसरीकडे ‘2047 पर्यंत 100 गिगावॅट अणुवीज’. ही घोषणा 2025च्या अर्थसंकल्पातली. देशाच्या एकूण विजेत आज अणुऊर्जेचा वाटा जेमतेम 3 टक्के आहे.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत. दुपारी मीटर उलटा पळतो, सामायिक बिल पाहून चेअरमन खूश. पण लिफ्टची वर्दळ, टाकीचा पंप आणि पार्किंगमधले गाड्यांचे चार्जिंग हे सगळे सुरू होते दिवेलागणीनंतर, आणि तेव्हा ग्रिडमधून येते ती बहुतांशी कोळशाची वीज. साताऱ्याच्या पठारावरचा वारा पावसाळ्यात भरपूर. ऑक्टोबर हीटमध्ये नेमका पडतो. बॅटऱ्या स्वस्त होताहेत, पण त्या संध्याकाळ निभावतील, आषाढातले आठवडाभराचे मळभ नाही. 2006 मध्ये पुण्यातल्या कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून शहराचे भारनियमन टाळले, त्याचे केवढे कौतुक झाले! जळत होते डिझेलच, आणि जादा खर्च आपल्या बिलात आला.

म्हणून मी अणुऊर्जेच्या बाजूचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर अणुप्रकल्पाच्या सध्याच्या आराखड्याच्या बाजूचा मात्र नाही. तिथे 1650 मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या व्हायच्या आहेत. त्यातल्या पहिल्या दोनांचा प्राथमिक करार 2010 मध्ये झाला, अजून एकीचाही पाया नाही. याच जातीची भट्टी खुद्द फ्रान्सने फ्लामान्व्हिलला 2007 मध्ये बांधायला घेतली, ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर 2024 मध्ये. फिनलंडमध्ये 2005 साली काम सुरू झाले, नियमित वीज मिळायला 2023 उजाडले. घरच्या मैदानावर ज्यांची ही गत, त्यांची वीज आपल्याला कोणत्या दराने पडणार?

गुजरातमध्ये काक्रापारला 700 मेगावॅटच्या दोन स्वदेशी भट्ट्या सुरू झाल्या. त्यांनाही दशकाहून अधिक काळ लागला, पण आराखडा आपला आहे आणि अणुभट्ट्यांचे भाग आपल्याच जिल्ह्यात वालचंदनगरला बनतात. केंद्राने 2017 मध्ये अशा दहा भट्ट्या एकदम मंजूर केल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला एकही नाही, आणि त्याबद्दल विधिमंडळात कोणी घसा कोरडा केल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही.

राहिला कोकणातला विरोध. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली. पुनर्वसनाच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. जैतापूर परिसरातल्या माडबन आणि नाटे या गावांच्या लोकांना हे ठाऊक आहे. पुण्यात बसून त्यांना विकासविरोधी ठरवणे सोपे. एसी आपले, जमीन आणि मासेमारी त्यांची.

जैतापूरसाठी संपादित झालेल्या जागेवर 700 मेगावॅटच्या स्वदेशी भट्ट्या का नकोत, आणि दोन्ही पर्यायांत युनिटमागे दर काय पडेल, हे राज्य सरकारने लेखी जाहीर करावे. तेही तारापूरच्या विस्थापितांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी आधी निकाली काढून.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे